खरा अशोक भेटला व्हाळाकाठी



तुमच्या शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या नाहीतर घराच्या दारात अशोकाचे झाड आहे का? 'आहे की!' असे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. खांबासारखे सरळसोट वाढलेले, नागमोडी कडांची लांब पाने खाली सोडलेले ते झाड. लग्नाच्या मांडवाला आपण त्याचेच डहाळे बांधतो. आता एक करा. त्याचे एक पान तोडून हातात घ्या. एका देठाला एकच लांबट पान असेल, तर तो अशोक नव्हे. ते झाड सीताफळाच्या घराण्यातले आहे. आपण त्याला अशोक म्हणतो एवढेच.

खऱ्या अशोकाचे, म्हणजे सीता-अशोकाचे पान निराळे. एका दांड्यावर समोरासमोर पानांच्या चार ते सहा जोड्या असतात. चिंचेच्या पानाची मांडणी आठवा. फक्त चिंचेची पाने बारीक आणि याची हाताच्या बोटांहून लांब. आणि याला शेंगा येतात. तूर, हरभरा, चिंच, बहावा, गुलमोहर या सगळ्या शेंगवाल्या भावकीतलेच हे झाड. पण त्याचे मूळ घर शेतात नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या सदाहरित जंगलात, वाहत्या पाण्याच्या काठी आहे.

हा फरक मी कृषी पदवीच्या पुस्तकात वाचला होता; पण झाड ओळखायला शिकलो तो नोकरी लागल्यावर, आणि तेही चौथी शिकलेल्या एका बाईंकडून. त्यांच्याच भेटीला मी यंदा गेलो होतो. त्या प्रवासाची ही हकीगत. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. का देत नाही, ते पुढे कळेल.

घाट उतरताना

फाल्गुनात दोन दिवसांची रजा काढली आणि आजऱ्याहून एस.टी. पकडली. घाटमाथ्यावर उसाची तोड संपत आली होती, खोडव्यात पाणी चालले होते. आंबोली आली आणि हवा गार झाली. या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापूरकडच्या वाचकांनी आपल्या पावसाची याच्याशी तुलना करून पाहावी. दहापटीहून अधिक भरेल! पण उन्हाळ्याच्या तोंडावर हा घाट कोरडाच दिसतो. पाणी असते ते खाली, दगडांच्या बेचक्यांत आणि झाडांच्या मुळांशी.

वळणे घेत गाडी दाणोलीला उतरली आणि अंगातले स्वेटर काढावे लागले. सावंतवाडीत गाडी बदलली. पुढचा रस्ता दक्षिणेचा, तांबड्या जांभ्या दगडाचा. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास येत होता. बाया टोपल्या घेऊन काजू वेचत होत्या. मध्येच एखादा डोंगर उघडा करून त्यावर रबर नाहीतर अननस लावलेला दिसे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी या भागात नोकरीला होतो तेव्हा तिथे सलग रान होते. दोडामार्ग तालुक्यात २०१३ साली उच्च न्यायालयाला वृक्षतोडीला मनाई करावी लागली, यावरून काय चालले होते ते ध्यानात येईल.

गाडीतून उतरून अर्धा तास चाललो. रस्ता सोडून व्हाळाची वाट धरली. आपण देशावर ज्याला ओढा म्हणतो, त्याला इकडे व्हाळ म्हणतात. दहा पावलांत ऊन मागे राहिले. डोक्यावर उंच झाडांचे छप्पर, खाली पाचोळा, पाचोळ्याखाली ओल. दुपारचा एक वाजला होता, पण उजेड दिवेलागणीचा वाटत होता. आणि समोर तो उभा होता.

हळद-कुंकवाचे तबक

सीता-अशोक हे काही आभाळाला भिडणारे झाड नव्हे. वीस ते तीस फूट उंची, पसरट डेरा, गडद हिरवी दाट सावली. मोठ्या झाडांच्या सावलीत, त्यांच्या आधाराने राहणारे हे झाड आहे. फुलते ते साधारण माघापासून चैत्रापर्यंत. फुलांचे गुच्छ नुसत्या शेंड्यांवर नाहीत, तर जाड जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावरही लागतात. उमललेले फूल आधी पिवळे असते, मग नारिंगी होते आणि शेवटी लाल. त्यामुळे एकाच गुच्छात हे सगळे रंग दिसतात; जणू हळद-कुंकवाचे तबकच. गंमत अशी की या फुलाला पाकळ्याच नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती फुलाची रंगीत निदले असतात, आणि त्यांतून लांब केसर मिशांसारखे बाहेर येतात. वास मंद असतो; संध्याकाळनंतर वाढतो.

नवी पालवी पाहिली तर तुम्ही घाबराल. तांबूस रंगाची कोवळी पाने झुबक्याने खाली लोंबत असतात. पाणी कमी पडून झाडाने मान टाकली असेच वाटते. पण तसे नसते. थोड्याच दिवसांत ती पाने हिरवी होतात आणि ताठ उभी राहतात. आंब्याची पालवीही आधी तांबूस व लोंबती असते ना? तोच प्रकार. या पालवीवरूनच आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांनी त्याला 'ताम्रपल्लव' हे नाव दिले.

लंकेत सीतामाईला रावणाने ज्या वनात ठेवले ते अशोकवन, म्हणून हा सीता-अशोक. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी म्हणतात; त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या खाण्याची रीत आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात तर सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावर अशोक फुलतो, असा सारा प्रसंग रचला आहे. मी आपला शेतीखात्यातला माणूस. माझ्या अनुभवाने सांगतो, अशोक फुलतो तो सावली, ओल आणि माणसाचा धीर या तीन गोष्टींनी.

त्या व्हाळाच्या काठाने मी १९९६ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा बारा मोठी झाडे मोजली होती. यंदा पुन्हा मोजली. पाच भरली. ही काही एका व्हाळाची गोष्ट नाही. जगभरच्या संकटातल्या वनस्पतींच्या यादीत सीता-अशोकाचे नाव १९९८ सालीच गेले आहे. कारण एकच, त्याची साल.

माझ्या एका वाक्याची किंमत

अशोकाची साल आयुर्वेदात बायकांच्या दुखण्यांवर मानलेली आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे अशोकारिष्ट याच सालीचे. सालीचा काढा, गूळ आणि धायटीची फुले घालून ते आंबवतात. देशभर त्याला मागणी आहे, आणि झाडे मात्र मुख्यतः जंगलात. मग दोन गोष्टी होतात. जंगलातली झाडे सोलली जातात, आणि ती कमी पडली की दारातल्या त्या खोट्या अशोकाची साल खऱ्या नावाने विकली जाते.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

त्या गावात माड-पोफळीची बाग असलेल्या एक काकी होत्या. बागेच्या कडेला, व्हाळावर, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा एक मोठा अशोक होता. शाळेत वृक्षारोपणासाठी मी 'अशोक' म्हणून रोपे वाटली, तेव्हा याच काकी म्हणाल्या होत्या, "सायबानू, ह्यो अशोक न्हय." मग मला त्या झाडापाशी नेऊन त्यांनी खरा दाखवला होता.

१९९८ सालची दिवाळी झाल्यावर सालीचा एक व्यापारी गावात आला. काकींनी मला वाटेत थांबवून विचारले, "साल काढूक देव काय?" मला दुसऱ्या गावी सभेला पोचायचे होते. मी मोटारसायकलवरूनच म्हणालो, "द्या की काकी, साल परत येते." किती काढणार, कशी काढणार, काही विचारले नाही. चार पैसे मिळतील तर मिळोत, एवढाच विचार.

माणसे आली. त्यांनी जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत झाड सगळ्या बाजूंनी गोल सोलून काढले. तीन गोणी साल निघाली. काकींना पैसे मिळाले. पुढच्या फाल्गुनात ते झाड कधी नव्हे इतके फुलले. काकींना वाटले, साहेब म्हणाले ते खरे झाले. आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झाड उभ्याउभ्या वाळले.

असे का झाले? तुम्ही गुटी कलम बांधता ना? फांदीवरची साल चकतीसारखी गोल काढता. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरत असते. ती वाट बंद झाली की अन्न वरच्या बाजूला साचते आणि तिथे मुळ्या फुटतात. खोडाची साल गोल काढली तर तेच होते. लाकडातून पाणी वर चढत राहते, म्हणून झाड काही महिने हिरवे दिसते. वर अन्न साचल्याने भरघोस फुलतेही. पण मुळांना घास मिळत नाही. मुळे उपाशी मरतात आणि मग झाड जाते. तो बहर म्हणजे झाडाचे अखेरचे देणे होते. हे सगळे मला ठाऊक होते, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. वाटेत थांबून दोन मिनिटे बोललो असतो, तर ते झाड आज असते.

माझी बदली झाली. काकींनी कधी तक्रार केली नाही. मीही तोंड दाखवायला गेलो नाही. पंचवीस वर्षे उलटून गेली.

काकींची बाग

यंदा गेलो तेव्हा काकी ओटीवर सुपारी सोलत बसल्या होत्या. आता पंचाहत्तरीच्या. ओळखायला क्षणभर लागले, मग म्हणाल्या, "येवा सायबानू, बसा." कोकमाचे सरबत दिले. मी म्हणालो, "काकी, त्या झाडाची चूक माझी होती." त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "झाड गेला तां गेला. बी ऱ्हवला मां!" आणि मला मागच्या बागेत घेऊन गेल्या.

पोफळींच्या रांगांमध्ये, पाटाच्या कडेने, अकरा अशोक उभे होते. फुललेले.

त्यांनी सांगितले ते असे. झाड अखेरचे फुलले त्या वर्षी शेंगाही भरपूर धरल्या. मिरगाच्या सुमारास शेंगा तडकून बी खाली पडले. काकींनी पायली-अर्धी पायली गोळा केले आणि भाताच्या बियाण्यासारखे वाळवून चुलीजवळ डब्यात जपून ठेवले. आषाढात पेरले. एकही उगवले नाही. पण जे बी पाटाच्या चिखलात आपोआप पडले होते, ते उगवून वर आले. त्यांनी ती रोपे मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि पोफळीच्या सावलीत लावली. काही माकडांनी मोडली, काही मेली, अकरा राहिली. नऊ-दहा वर्षांनी पहिली फुले आली.

सालवाले अजून येतात का, असे मी विचारले. येतात, म्हणाल्या. त्यांना काकींचे उत्तर ठरलेले आहे : "साल नाय. बी व्हया तर न्हेवा." गावाचे नाव मी का दिले नाही, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. व्हाळावर अजून पाच झाडे आहेत.

लावायचा तर असा लावा

काकींनी जे अनुभवाने शोधले तेच शास्त्र सांगते. अशोकाचे बी फणसाच्या आठळीसारखे ओलसर असते. ते वाळले की मेले. म्हणून ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडलेले, टपोरे, न किडलेले बी वेचा आणि शक्य तर त्याच दिवशी पेरा. टपालाने मागवलेल्या, महिनोन्महिने पुडीत राहिलेल्या बियांवर पैसे घालू नका.

बी रात्रभर, साधारण बारा तास, पाण्यात भिजवा. सावलीतल्या वाफ्यात किंवा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत पेरा. ओल कायम हवी, पण पाणी साचू देऊ नका. तीन आठवड्यांपासून पुढे कोंब दिसू लागतात. कोवळी पालवी लोंबली म्हणून घाबरून जास्त पाणी घालू नका. रोपे वर्षभर सावलीत वाढवून पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर मर कमी होते, असा माझा अनुभव आहे.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घ्या. वरची चांगली माती आणि शेणखत घालून भरा. सालीसाठी लागवड करायची तर दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवतात. पहिली काही वर्षे सावली पाहिजेच. म्हणून याला उघडे माळरान देऊ नका. पोफळीची बाग, माडाखालची जागा, पाटाची कड, विहिरीजवळचा आंब्या-फणसाखालचा ओला कोपरा द्या. उन्हाळ्यात पाणी द्या आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन ठेवा. वर्षातून दोनदा शेणखत घाला. रोग-किडीचा फारसा त्रास नाही.

कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला हे झाड आपल्या घरीच असल्यासारखे वाढते. देशावर विहिरीच्या नाहीतर कालव्याच्या ओलीवर, दुसऱ्या झाडाच्या आडोशाला दोन-चार झाडे जगतील. पण जिथे उन्हाळ्यात तापलेले वारे वाहतात आणि प्यायला पाणी पुरत नाही, तिथे मी अशोक लावा म्हणणार नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. शेंगवाले झाड म्हटले की मुळांवर गाठी येतील, जमिनीला नत्र मिळेल, अशी आपली समजूत असते. ती भुईमूग, तूर, गिरिपुष्प यांच्याबाबत खरी. अशोकाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्याला खत तुम्हीच घालायचे आहे.

साल विकायची तर

हे पैशाचे झटपट पीक नव्हे. सालीसाठी झाड तयार व्हायला सुमारे वीस वर्षे लागतात. म्हणून ऊस मोडून, पोफळ काढून अशोक लावू नका. बागेच्या कडेला पाच-दहा झाडे लावा. आपल्या हयातीत फुले पाहा, उत्पन्न पोरांना होईल. जास्त लागवड करायची असेल, तर आधी साल कोण घेणार आणि कशा प्रतीची घेणार ते नक्की करा. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि औषधी वनस्पती मंडळ यांच्याकडे चौकशी करा. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या आणि तोड-वाहतुकीचे नियम वनखात्याच्या कचेरीत आधी विचारा. आपल्या मळ्यातला माल आहे हे कागदावर दाखवता आले, तरच खोट्या सालीच्या बाजारात खऱ्याला मान मिळेल.

काढणीचा नियम मात्र आज्ञेसारखा पाळा : साल गोल कधीही काढायची नाही. वाढलेल्या झाडाच्या फांद्या छाटून त्यांची साल काढा. किंवा वीस वर्षांचे झाड जमिनीपासून टीचभर, म्हणजे १५ सेंटिमीटर बुंधा ठेवून कापा. खत-पाणी दिले तर त्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. उभ्या खोडाची साल काढण्याची वेळ आलीच, तर एका बाजूची अरुंद उभी पट्टी काढा, झाडाच्या घेराचा पाव भागदेखील ओलांडू नका, आणि ती जखम भरेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावू नका. रानातल्या आणि देवराईतल्या झाडांची तर एक ढलपीही नको.

भगिनींना एक विनंती. झाड दारात आहे म्हणून घरच्या घरी सालीचा काढा करून घेऊ नका. अंगावर जाणे, पाळीचा त्रास यांमागे कारणे अनेक असतात. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि औषध वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्या.

निघताना काकींनी गेल्या मिरगातल्या बियांची पाच रोपे पिशवीत घालून दिली. मांडीवर घेऊन एस.टी.ने घाट चढलो. ऐन उन्हाळ्यात लावली नाहीत; आमच्या विहिरीजवळच्या फणसाखाली पिशव्यांतच ठेवली. एक गेले, चार जगली. पाऊस सुरू झाल्यावर ती तिथेच जमिनीत लावली.

येत्या मृगात तुमच्या आसपास कुठे खरा अशोक आहे का, ते शोधा. पान ओळखायची खूण तुम्हाला सांगितलीच आहे. सापडला तर खाली पडलेले बी वेचा, त्याच दिवशी मातीत घाला. आणि कोणी सालीसाठी दारात आला, तर मी केली ती घाई करू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि काकींचे उत्तर द्या.